पारुबाईच्या गालावरची घुगरी

मी घुगरी बोलतेय. चांदीची, केसांत गुंफून गालावर सोडायची. हैदराबादच्या विमानतळावर पारुबाई घसा फोडून सांगत होती, "मीच पारुबाई हाय," पण एकाचाही तिच्यावर विश्वास बसला नाही. मी तिच्या पिशवीतच होते. चांदीला कोण विचारतं?

पारुबाईच्या लग्नात औंढ्याच्या सोनारानं मला घडवलं. आमच्या बंजारा तांड्यात नवरा आहे तोवर घुगरी गालावर, नवरा गेला की उतरवायची. तिच्यासंगं मी रानात राबले, हळदीच्या कढईपाशी वाफेत उभी राहिले. गरम हळद उपसून, वाळलेली घासून तिच्या बोटांवरच्या रेषा पार गेल्या. तेव्हा कुणाला त्या रेषांचं काम पडलं नव्हतं.

तिची लेक दिपा मस्कतला नवऱ्यापाशी. पहिलं लेकरू पोटातच गेलेलं. दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा फोनवर म्हणाली, "आई, तू आल्याबिगर मला धीर न्हाई." म्हणून पासपोर्ट काढला.

फोटोला बसताना पोरगा दिपक म्हणाला, "आई, तेवढी घुगरी काढ."

"नवरा समोर बसलाय अन् घुगरी काढू? डोकं फिरलं का रं तुझं?"

रूपसिंग, तिचा नवरा, मिशीत हसला. "ऱ्हाऊ दे. मस्कतवाल्यांना कळू दे, हिला मालक हाय."

फोटोत मी झकास आले. अर्धा गाल माझाच.

पुढं पेरणीच्या आधी रूपसिंगच्या छातीत कळ आली आणि तो गेला. बायांनी मला उतरवलं. पारुबाई जेवणं विसरली, वाळून काटकी झाली. पण लेकीकडं जायचं ठरलेलं. मला मोडून बाळाला वाळे करायचे होते. बाळ पोटात असताना वाळे घडवायचे नसतात, म्हणून तिनं मला तसंच पिशवीत घातलं.

दिपक विमानतळाबाहेर थांबला. आत काचेचं फाटक. पासपोर्ट ठेवायचा, तोंड दाखवायचं, बोटं टेकवायची. ओळख पटली की फाटक आपोआप उघडतं. सगळ्यांना उघडलं. पारुबाईला लाल दिवा. बोटं पुसून टेकवली, पदराला घासून टेकवली. लाल.

साहेब आला. फोटो बघितला, तिला बघितलं. "अम्मा, फोटो में तो गाल पे चांदी है. वो किधर है?"

"मालक गेला माझा. काढून ठेवली. हितं हाय पिशवीत."

"एक बार पहन लो. शायद मशीन मान ले."

तो वाईट माणूस नव्हता. काय सांगतोय हे त्याला ठाऊक नव्हतं. पारुबाईला ठाऊक होतं. तिनं मला पिशवीतून काढून तळहातावर घेतलं. मग खांबाआड गेली, भिंतीकडं तोंड केलं आणि मला केसांत अडकवलं. तिचा गाल ओला होता. मला तिथून निसटून पडावं वाटलं, पण चांदीला हात नसतात.

फाटकानं पुन्हा लाल दिवा दाखवला. फोटोतला गाल भरलेला होता, हा खपाटीला गेलेला.

"मैं क्या करूं अम्मा, मशीन नहीं मान रही. उसके बिना मैं छोड़ नहीं सकता."

विमान गेलं. ती बाहेर आली तेव्हा मी गालावरच होते, काढायचं तिला सुचलंच नव्हतं. दिपक म्हणाला, "आई, हे काय घातलंस?" तांड्यात आल्यावर त्यानं ते चुलत्याच्या, जगनच्या, कानावर घातलं.

आठवडा गेला नाही तोच मस्कतहून फोन आला. दिपाच्या पोटातलं याही वेळी वाचलं नव्हतं. जावई कामावर, ती घरात एकटीच होती.

बाया बसायला आल्या. जगनची बायको चांगुणा म्हणाली, "नवरा मेलेल्या बाईनं घुगरी घातली. मग दुसरं काय व्हणार?" जगननं मान हलवली. दिपक उठून बाहेर गेला. पारुबाई एवढंच म्हणाली, "लेकीपाशी जायचं होतं मला." ते कुणी ऐकलं नाही.

आता मी पत्र्याच्या पेटीत पडून आहे. घुगरी राहिले नाही, वाळेही झाले नाही. बायांनो, मला वितळवा, विका, विहिरीत टाका, पण तिच्या नजरेसमोर ठेवू नका.

फाटकाला कुणी बोल लावला नाही. विमानतळावर जी कुणालाच ओळखू आली नाही, तिचं नाव घ्यायला तांड्यात कुणी अडखळलं नाही. पारुबाई.