गाढवाचा वेग

जुनी फिल्म जोडण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. हे मीच सांगते, कारण बाबा सांगणार नाहीत. शंभर वर्षांपूर्वीची मूक कार्टूनं जमवण्यात त्यांची हयात गेली. आई म्हणायची, "लग्न माझ्याशी केलं, संसार डब्यांशी."

त्यातलं गाढवाचं कार्टून सगळ्यांत दुर्मीळ. दुसरी प्रत कुठे असल्याचं ऐकिवात नाही. पण हल्ली डबा उघडला की व्हिनेगरचा वास यायचा, म्हणजे फिल्म मरायला लागली होती. फिल्म संग्रहालय वर्षाला एकाच रिळाची नवी प्रत काढतं. तिथल्या बाई आज ते पाहायला येणार होत्या. यंदा नाही, तर कधीच नाही.

हाताचा वेग कमीजास्त होऊन परक्या माणसापुढे शोभा नको, म्हणून मी बाबांच्या हाताने फिरवायच्या प्रोजेक्टरला मोटर बसवली. बाबा नुसतं "हं" म्हणाले.

गाढव आलं, विहिरीत डोकावलं, पडलं, संपलं. सगळी पळापळ. बाईंनी पेनाला टोपण लावलं.

"छान आहे. पण अशी आमच्याकडे बरीच आहेत."

माझी चांगलीच जिरली. बाबा उठले, रीळ उलटं गुंडाळून परत चढवलं आणि मोटरचा पट्टा काढून हँडल लावलं.

"आमच्या शहाणीनं गाढवाचा घोडा केला. बसा बाई, दोन मिनिटं."

ते फिरवू लागले. विहिरीपाशी त्यांचा हात मंदावला. गाढवाने पाण्यात स्वतःला पाहिलं. एक कान पडला, मग दुसरा. शाईची रेघ चित्रागणिक जराशी थरथरत होती, त्यामुळे ते चक्क श्वास घेत होतं. मग त्याने पाण्यातल्या गाढवापुढे अदबीने मान लववली आणि तोल जाऊन धपकन आत!

बाई खो खो हसल्या. "परत लावा ना!"

"नाही. फिल्म आखडलीय, पुन्हा फिरवली तर तुटेल. आता फक्त तुमच्या मशीनवर."

बाईंनी अर्ज काढला. "प्रत काढते. वेग किती लिहू?"

मोटरचा आकडा माझ्या जिभेवर होता. मी तो गिळला.

"सांगता येत नाही," बाबा म्हणाले. "हिला शिकवतो. दाखवायची असेल तेव्हा हिलाच बोलवा."

रीळ काढून त्यांनी माझा हात हँडलवर ठेवला, वर आपला. आम्ही रिकामं हँडल फिरवू लागलो. विहिरीपाशी त्यांचा हात रेंगाळला, माझा पुढे गेला.

"पुन्हा."

तिसऱ्या खेपेला दोन्ही हात एकदम मंदावले. तोवर बाईंनी वेगाच्या रकान्यात माझं नाव लिहिलं होतं.