चतुराबाई ऐकायला बसली

हट्टा गावच्या रामकिशनची बायको चतुराबाई. तिचं पहिलं लेकरू जन्मल्या दिवशीच गेलं. दुसऱ्या महायुद्धाच्या सालातली ही गोष्ट. त्यानंतर ती बोलेनाशी झाली. चुलीपुढं बसायची आणि तव्यावरची भाकर करपून जायची. सासू नर्मदाबाईनं तिला औंढ्याला नागनाथाच्या पायावर घातलं, गंडा बांधला. शेजारणी येऊन सांगायच्या, "विसर आता. तरणी हायस, दुसरं होईल." चतुरा मान हलवायची आणि भिंतीकडं तोंड करून निजायची.

उन्हाळ्यात रामकिशननं खतासाठी शेतात मेंढरं बसवली. कळपासोबत बनाबाई नावाची म्हातारी धनगरीण होती. तिला भाकरी द्यायला गेलेली चतुरा माघारी न येता बाभळीखाली बसून राहिली. बनाबाईच्या कानावर सगळं आलं होतं. लोकर कातता कातता तिनं विचारलं, "कुणावर गेलं होतं गं लेकरू?"

हे तोवर कुणीच विचारलं नव्हतं.

"नाक ह्यांच्यावानी," चतुरा म्हणाली. "जावळ लई होतं. मी नीट पाह्यलं बी न्हाई. लगीच नेलं."

बनाबाईनं तिला गप हो म्हटलं नाही. हातातलं काम खाली ठेवलं आणि तिला रडू दिलं. मेंढरं होती तोवर चतुरा रोज तिथं जायची. कळप पुढच्या गावाला निघाला, तेव्हा ती घरात पुन्हा दोन शब्द बोलू लागली होती.

पुढं रझाकारांच्या धामधुमीत गावातल्या पार्वतीबाईचा नवरा बाजाराला गेला तो परतलाच नाही. निजामाचं राज्य गेलं, तरी पार्वतीबाई दाराबाहेर येईना. चतुराबाई आपणहून तिच्या ओट्यावर जाऊन बसली.

"मला समजवायला आलीस?"

"न्हाई. बसायला आले."

काही दिवस नुसते बसण्यात गेले. मग एका दुपारी पार्वतीबाई म्हणाली, "जाताना मी त्यांच्याशी भांडले होते."

"कशावरनं?"

"कालवणात मीठ जास्त झालं म्हणले. मी म्हणलं, मग बाजारातच जेवा." ती हसायला गेली आणि तिला हुंदका फुटला.

त्यानंतर कुणाच्या घरी दुःख झालं की बाया चतुराबाईला बोलावू लागल्या. नर्मदाबाईला ते पटेना. ओसरीवर दोघी डाळ पाखडत होत्या तेव्हा तिनं विचारलं, "दुसऱ्याचं दुःख काहून अंगावर घेऊन राहिलीस?"

"माझ्या वक्ताला समदे मला गप करत होते, आत्याबाई. तुमी बी. तुमचा जीव तुटत होता, ते कळत होतं मला. पण त्या धनगरणीनं ऐकलं नसतं तर मी हिरीत उडी टाकली असती. काठावर जाऊन बी आले होते. तसं कुणी एकटं बसलेलं दिसलं की मला घरात राहवत न्हाई."

नर्मदाबाईचे हात थांबले.

"रामकिशनच्या आधी मला एक पोरगी होती," ती म्हणाली. "गोवरात गेली. तुझ्या मामंजींनी तिचं नाव काढू दिलं न्हाई. मग मी बी काढलं न्हाई."

चतुराबाईनं सूप बाजूला सारलं. "काय नाव होतं?"

"ठकू."

नाव तोंडात अडखळलं, म्हणून तिनं ते पुन्हा एकदा म्हटलं. मग ठकू कोंबड्यांमागं कशी धावायची, पडली तरी कशी रडायची नाही, ते ती सांगत राहिली. भाकरीची वाट पाहून रामकिशन शेतातून घरी आला, तेव्हाही आई बोलतच होती. चतुराबाईनं त्याला हातानंच खूण केली. तो उंबऱ्यावर टेकला. आपल्याला एक बहीण होती, हे त्याला त्या दिवशी कळलं.