टाकीच्या पोटातली 'हजेरी'

मी एक जुनी, काळी, पाच हजार लिटरची पाण्याची टाकी आहे. घाटकोपरच्या एका तीन मजली बिल्डिंगच्या गच्चीवर कोपऱ्यात बसून असते. मित्रांनो, दिसायला मी केवढीही धिप्पाड असले तरी स्वभावाने पक्की भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला हसू नका.

कारखान्यात प्लॅस्टिकची भुकटी तापलेल्या साच्यात घालून साचा गरागरा फिरवला, तेव्हा माझा जन्म झाला. जन्मतःच चक्कर आली म्हणा ना! पुढे ट्रकवर जखडून मला इथे आणलं. जिन्यातून मी मावेना, म्हणून गच्चीवरून दोर सोडून माणसांनी मला भिंतीच्या कडेने वर ओढलं. वाऱ्याने मी हेलकावत होते आणि खाली पोरं टाळ्या पिटत होती. तेव्हापासून दोर दिसला की मला धडकी भरते.

कामाची वर्षं मात्र सुखाची गेली. तीन मजल्यांचा चहा, भात, आंघोळी, सगळं माझ्या जिवावर. टाकीला शाबासकी कोण देतो? नळ कोरडा पडला की तेवढे सगळे वर बघतात. अपवाद एक, धाकूकाका. ते आमच्या बिल्डिंगचा पंप सांभाळतात. मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत होते. गणपतीत घरोघरी पाहुणे भरले की ते माझ्या पोटावर थाप मारून म्हणायचे, "बाय माझी, आज लाज राख गो." आणि मी राखायची.

मग एका उन्हाळ्यात तळाशी मला चीर गेली. लगेच दोन नव्या पांढऱ्या टाक्या आल्या, माझे पाइप कापले आणि मला कोपऱ्यात ढकललं. कावळे येऊन बसायचे, तेवढीच काय ती सोबत. आता मला भंगारात घालणार, करवतीने कापणार, या भीतीने मी रोज सकाळी उगाच दचकायची.

अशात एक दिवस दुसऱ्या मजल्यावरचा सर्वेश गच्चीवर आला. दिवसभर बाइकवरून पार्सलं पोचवणारा हा वीसेक वर्षांचा पोरगा. सहज म्हणून त्याने माझ्या तोंडात डोकं घालून "ओय!" केलं. माझ्या पोटात ते "ओय" असं काही घुमलं की तो बघतच राहिला. दुसऱ्या दिवशी माझ्या तोंडाजवळ उरलेल्या पाइपाच्या तुकड्याला दोर बांधून तो थेट आत उतरला. एका बाजूला जुनी गोधडी टांगली, माइक लावला आणि माझ्या भिंतीवर हाताने ठेका धरून तो रॅप करायला लागला.

तिथेच, माझ्या पोटात, त्याचा अख्खा अल्बम तयार झाला. नाव ठेवलं 'पाच हजार लिटर'. अहो, माझं नाव! इतकी वर्षं पाणी दिलं तेव्हा कुणी विचारलं नाही आणि रिकामी झाले तेव्हा नाव झालं.

नाव झालं असं मी म्हणते, पण ऐकणारं कोण? मोजकी माणसं. त्यात जिवापाड ऐकणारी एकच, तिसऱ्या मजल्यावरची अक्षता. सातवीतली पोर, पण मतं अशी की ऐकणाऱ्याने कान धरावेत. ती दोरावरून सरसर आत उतरायची आणि सर्वेशसमोर मांडी ठोकून बसायची.

"पहिलं गाणं झकास," ती म्हणायची. "दुसरं ठीक. चौथं एकदम बंडल. उगाच शायनिंग मारलीस त्यात."

सर्वेशचं तोंड एवढंसं व्हायचं. मला हसू यायचं, कारण चौथं मलाही आवडलं नव्हतं.

पण शेवटचं गाणं, 'हजेरी', हा तिचा जीव की प्राण. त्यात सर्वेश शाळेतल्या बाईंसारखी हजेरी घेतो. बिल्डिंगमधल्या एकेकाचं नाव पुकारतो आणि प्रत्येक नावानंतर माझ्या भिंतीवर दोन थापा. ठाक-ठाक. म्हणजे तो माणूस हजर. मधेच तो पुकारतो, "मार्तंड!" आणि तिथे थाप नाही. काहीच नाही. मार्तंड म्हणजे सर्वेशचे वडील. कामाला म्हणून आखातात गेले, काही महिने फोन आले, मग तेही थांबले. गाण्यात तेवढी जागा रिकामी जाते आणि मग पुढचं नाव येतं.

"तिथे मी काहीतरी टाकणार आहे," सर्वेश एकदा म्हणाला. "फार रिकामं वाटतं यार."

"टाकून तर बघ!" अक्षता उसळली. "अख्ख्या अल्बममधली भारी जागा आहे ती. तिथे कोणी बोट जरी लावलं ना, तर बघ!"

"तुला काय कळतं गं?"

"सगळं कळतं. मी व्हिडिओच बनवणार आहे, तुझ्या अल्बमवर माझं मत. सगळ्या जगाला सांगते."

आणि त्या व्हिडिओपायीच, मित्रांनो, तो दिवस उगवला. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, तसा.

त्या सकाळी अक्षता शाळेत आणि सर्वेश कामावर असताना नव्या टाक्यांपैकी एक तळातून फुटली. बिल्डिंगमध्ये ओरड झाली. धाकूकाकांनी माणूस बोलावून माझी चीर डागून घेतली, आतली गोधडी काढून मला धुतलं, पाइप जोडले. दोर तेवढा राहून गेला. मी पुन्हा कामाची झाले! आनंदाने मला काही सुचेना. पण काकांनी हे पोरांना सांगितलं नाही. सांगायचं असतं हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

दुपारी अक्षता आली. जेवायला गेलेले काका अजून परतले नव्हते. ती आत उतरली, गोधडी नाही म्हणून इकडेतिकडे बघितलं आणि "सर्वेशदादाने धुवायला नेली वाटतं," असं स्वतःशीच पुटपुटली. मग कानांवर मोठे हेडफोन चढवले, डोळे मिटले आणि माझ्या भिंतीला टेकून बसली. मत सांगण्याआधी तिला अल्बम एकदा शेवटपर्यंत ऐकायचा होता.

तेवढ्यात धाकूकाका वर आले. माझ्या तोंडातून लोंबणारा दोर बघून ते करवादले, "ह्या पोरांका कायेक कामधंदो नाय." दोर वर खेचला. माझं झाकण लावलं. वाऱ्याने उडू नये म्हणून त्याच दोराने ते गच्च आवळून बांधलं. आत वाकून बघितलं नाही. एक हाक मारली नाही. आणि जिना उतरून पंप सुरू करायला गेले.

काका, आत पोर आहे! मी जिवाच्या आकांताने ओरडत होते. पण टाकीला तोंड असतं, वाचा नसते.

वरच्या पाइपातून पाण्याचा लोट थेट अक्षताच्या अंगावर कोसळला. ती किंचाळून उठली. हातातला फोन पाण्यात पडला आणि विझला. मिट्ट काळोख. ती चाचपडत झाकणाखाली आली, उड्या मारल्या, पण हात पोचेना. दोर नव्हता.

"आई! आई गं! धाकूकाका!"

तो आवाज माझ्या पोटात फुटून फुटून घुमला, बाहेर मात्र नुसती घूं घूं गेली. आणि माझ्यातून आरडाओरडा ऐकू येणं हे बिल्डिंगला रोजचंच. पाणी तिच्या गुडघ्यांवर आलं. तिला पोहता येत नव्हतं. मी जन्मभर पडायला भ्यायले, कापलं जायला भ्यायले, पण अशी भीती मला कधी वाटली नव्हती. कारण या वेळी भिण्यासारखी वस्तू मीच होते. पोरगी माझ्या पोटात होती आणि तिला बुडवणारं पाणी मीच धरून ठेवत होते. त्या चिरेची मी विनवणी केली, अगं उघड, पुन्हा उघड, सगळं पाणी वाहून जाऊ दे! पण डाग पक्का बसला होता.

अक्षता दोन्ही हातांनी माझ्या भिंतीवर बडवू लागली. भीतीने तिचे हात आपोआप सवयीच्या ठेक्यावर गेले. ठाक-ठाक. ठाक-ठाक. 'हजेरी'चा ठेका.

खालून, तिसऱ्या मजल्यावरून, तिच्या आईचा, प्रेमाकाकींचा आवाज आला, "झालं यांचं सुरू! दुपारची झोप नाही की काही नाही. सर्वेश, बंद कर रे ते!"

आईचा आवाज! अक्षताला तो ऐकू आला आणि ती हुंदके देत आणखी जोरात बडवू लागली. आई ऐकत होती, तरी तिला कळत नव्हतं. पाणी कमरेवर आलं, मग छातीवर. तिचे दात वाजत होते. मी देव पाण्यात घालून बसले होते, दुसरं काय करणार?

मग ती एकदम थांबली. अंधारात मला तिचा श्वास तेवढा कळत होता. तिच्या ध्यानात आलं असावं, की खाली सगळ्यांना हे गाणंच वाटतंय. तिने पुन्हा पहिल्यापासून ठेका धरला, या वेळी नीट, एकेक नाव ओठांत म्हणत. मार्तंडचं नाव आलं. तिथे, त्या जागी, जिच्यासाठी ती सर्वेशशी भांडली होती, तिथे तिने सगळा जीव एकवटून थापा मारल्या. ठाक-ठाक! ठाक-ठाक! ठाक-ठाक!

सर्वेश तेव्हाच कामावरून येऊन जिना चढत होता. खाली पंप चालू होता आणि नवी टाकी फुटल्यामुळे जुनी पुन्हा जोडली, हे त्याने आताच फाटकाशी ऐकलं होतं. स्वतःचाच ठेका कानावर आला म्हणून तोही ओठांत नावं म्हणत होता. पुढे त्याने मला सांगितलं, वडिलांच्या नावावर थापा पडल्या आणि तो पायरीवरच थांबला. हे गाणं वाजत नाही. कोणीतरी वाजवतंय. आणि हा ठेका इतका पाठ असणारी एकच पोरगी आहे, जी जिवावर बेतल्याशिवाय ती जागा मोडणार नाही.

"प्रेमाकाकी, पंप बंद करायला सांगा! अक्षू टाकीत आहे!"

प्रेमाकाकी अनवाणीच खाली धावल्या. सर्वेश गच्चीवर आला, पण काकांनी आवळलेली गाठ दगड झाली होती. नखं तुटली, मग त्याने दातच लावले. आत पाणी हनुवटीला लागलं होतं. अक्षता टाचा उंचावून उभी होती आणि थापा आता मंद पडत चालल्या होत्या. ठाक. मग बऱ्याच वेळाने ठाक.

गाठ सुटली. झाकण उघडलं, उजेड आत आला आणि त्या उजेडात सर्वेशचा हात. त्याने तिला मनगटाला धरून वर ओढलं. ती त्याच्या गळ्यात पडली आणि मग कुठे मोठ्याने रडली.

प्रेमाकाकींनी आधी लेकीला एक धपाटा घातला, मग छातीशी धरलं ते सोडलंच नाही. धाकूकाका पंप बंद करून धावत वर आले. "माझ्या हातान काय झाला असता गे बाय," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. कुणी त्यांना रागावलं नाही. रागवायला कुणाच्या अंगात त्राण उरलं होतं?

दुसऱ्याच दिवशी फुटलेल्या टाकीच्या जागी नवी टाकी आली आणि तिच्यामागून करवत आली. मी म्हटलं, भरले दिवस. पण त्यांनी माझ्या बाजूला फक्त एक दार कापलं, चांगलं माणूस वाकून जाईल एवढं. आता माझ्यात थेंबभर पाणी राहत नाही. करवत लागताना मी भ्याले नाही, खरं सांगते. उलट मोकळा श्वास घेतला.

पुष्कळ दिवस अक्षता गच्चीकडे फिरकली नाही. मग एकदा आईचा हात धरून आली, दाराच्या बाहेरच बसली आणि आईच्या फोनवर तिने तो व्हिडिओ केला. चौथं गाणं बंडल आहे हे आधी सांगितलं. मग 'हजेरी'वर आली.

"मला आधी वाटायचं, तिथे दादा गप्प बसतो कारण त्याला रडायला येतं," ती म्हणाली. "तसं नाहीये. नाव पुकारल्यावर तो ऐकत थांबतो. कोणी हजर म्हणतंय का, ते. म्हणून तिथे काही टाकायचं नाही. तिथे ऐकायचं."

सर्वेश माझ्या आत बसून ऐकत होता. त्याने ती जागा तशीच ठेवली आहे.

मित्रांनो, शेजारच्या टाकीचा पंप सुरू झाला की मी अजूनही थरथरते. पण पंप सुरू करण्याआधी धाकूकाका आता रोज वर येतात. त्या टाकीच्या तोंडात डोकं घालून पुकारतात, "कोण आसा काय रे आत?" आणि मग लगेच झाकण लावत नाहीत. कान देऊन गप्प उभे राहतात. तुम्हीही कुठलं झाकण, कुठलं दार, कुठलं कुलूप लावाल तेव्हा आधी एक हाक मारा. आणि हाक मारून झाली की थोडं थांबा. आतल्याला उत्तर द्यायला तेवढा वेळ लागतो.