पुढचा डावा ब्रेक

हंबीररावांनी गाडी गॅरेजच्या दारात लावली, काच खाली घेतली आणि समोर उभ्या असलेल्या विजयसिंहालाच विचारलं, "वहिनी हायेत काय?"

विजयसिंह चौगुले हातात पाना घेऊन उभा होता. डोक्यावर त्याच्याच नावाची पाटी होती. उद्यमनगरात त्याच्या गॅरेजला सगळे 'पासिंगचं गॅरेज' म्हणायचे. टेम्पो असो, माणसं भरून धावणारी वडापची जीप असो, शाळेची बस असो, आरटीओच्या तपासणीला न्यायच्या आधी लोक गाडी त्याच्याकडे आणून टाकायचे. ब्रेक, लाइटा, हॉर्न, स्टिअरिंगमधली ढिलाई, सगळं तो हातानं आणि कानानं धरायचा. चौगुल्याकडनं गेलेली गाडी तपासणीतनं माघारी येत नाही, असं गावोगावचे ड्रायव्हर सांगायचे.

"आत हाय," तो म्हणाला आणि बाजूला झाला.

हंबीरराव शाहूवाडीकडचे. आधी त्यांची डिझेलची गाडी होती, आणि ती सगळी वर्षं त्यांनी विजयसिंहाशिवाय दुसऱ्या कुणाला बॉनेट उघडू दिलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी इलेक्ट्रिक टॅक्सी घेतली होती. हिरव्या पाटीवर पिवळे आकडे. पहिल्या पासिंगची वेळ आली होती आणि ते प्रियदर्शनीला शोधत आत निघाले होते.

प्रियदर्शनी ही विजयसिंहाची बायको. माहेर शिरोळकडचं. लग्नाआधी आयटीआयमधनं तिनं वायरमनचं शिक्षण घेतलं होतं, पण लग्नानंतर ते बाजूला पडलं आणि ती गॅरेजात गल्ल्यावर बसायला लागली. इलेक्ट्रिक गाड्या यायला लागल्या तेव्हा पुण्याला प्रशिक्षणाला कुणी जायचं असा प्रश्न आला. विजयसिंहानं पाठदुखीचं कारण सांगितलं. खरी गोष्ट अशी होती, की त्याला करंटची भीती वाटायची. लहानपणी उसाच्या शेतात पाण्याच्या मोटारीला हात लागून तो बांधावर फेकला गेला होता. ते त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. "तूच जा की, तुला येतंय त्यातलं," असं म्हणून त्यानं स्वतःच तिला एसटीत बसवून दिलं होतं.

ती शिकून आली, आणि वर्षभरात चित्र पालटलं. शहरातल्या हिरव्या पाटीच्या निम्म्या टॅक्सी तिच्याकडे यायला लागल्या. चार्जिंगचं तोंड, नारिंगी केबली, गाडीच्या पोटाखालचा बॅटरीचा पत्रा, असं एकेक ती बघायची, आणि ड्रायव्हर हात मागं बांधून तिच्या मागं उभे राहायचे. पूर्वी ते असेच विजयसिंहाच्या मागं उभे राहायचे. भिंतीवर खिळ्याला तिचे जाड रबरी हातमोजे लटकलेले असत. एकदा ती घरी गेलेली असताना विजयसिंहानं ते घालून बघितले. बोटांच्या पेरांशीच अडकले. काढताना एक उलटा झाला आणि तो पुन्हा सुलटा करताना त्याला उगाचच घाम फुटला.

बायकोचं कौतुक झालं की तो हसायचा. नातेवाइकांत तर स्वतःच सांगायचा, की आमची प्रिया उद्यमनगरात एक नंबर. पण चहाच्या गाड्यावर कुणी म्हणालं, "वहिनींनी बघितलीय न्हवं? मग झालं," की चहा कडू व्हायचा. हे वाक्य त्याचं होतं. लोकांनी ते त्याच्या अंगावरनं काढून तिच्या अंगावर घातलं होतं.

त्या दिवशी तिनं हंबीररावांची गाडी दुपारपर्यंत बघितली. केबली, लाइटा, वायपर, टायर सगळं झालं. ब्रेकची तबकं, म्हणजे डिस्क, गंजलेली होती, ती तिनं घासून घेतली. इलेक्ट्रिक गाडीत हे व्हायचंच, असं ती हंबीररावांना समजावत होती. ॲक्सिलरेटरच्या पायडलवरनं पाय काढला की मोटारच गाडीला मागं ओढून धरते, त्यामुळं खरा ब्रेक फारसा लागतच नाही, आणि न वापरलेलं लोखंड गंजतं. ब्रेकची पॅडं बघितली तर ती जवळजवळ नव्यासारखी जाड. ती बघून ती पुढच्या कामाला लागली. अजून दोन गाड्या रांगेत होत्या.

गाडी धुवायला विजयसिंहानं नेली. गल्लीच्या वळणावर एक सायकलवाला आडवा आला, आणि त्यानं ब्रेक जोरात दाबला. गाडी थांबली, पण थांबताना स्टिअरिंग उजवीकडं ओढलं गेलं. इतकं थोडं, की दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. त्याच्या मनगटाला कळलं. धुवायच्या जागी जाऊन त्यानं चाकाआडनं बोट घातलं, तबकाला दोन्हीकडनं धरणारा ब्रेकचा जबडा हलवून बघितला. हलेना. पुढच्या डाव्या ब्रेकचा जबडा ज्या पिनांवर सरकतो, त्या पिना गंजून बसल्या होत्या. पॅड जाड होतं ते म्हणूनच. ते तबकाला नीट टेकतच नव्हतं.

हे तिच्या नजरेतनं सुटलं होतं.

विजयसिंहाला आनंद झाला, आणि तो आनंद ओळखून थोडी लाजही वाटली. पण आनंद मोठा होता. उद्या तपासणीला गाडी मशीनच्या फिरत्या रुळांवर चढेल, मशीन दोन्ही चाकांचा ब्रेक मोजेल, आणि डावं चाक नापास होईल. चार ड्रायव्हरांसमोर होईल. फार काही नाही, गाडी माघारी येईल एवढंच. मग हंबीरराव कुणाकडं येतात ते बघू. त्यानं गाडी पुसली आणि आणून लावली.

संध्याकाळी गॅरेज बंद करताना प्रियदर्शनी म्हणाली, "एकदा फिरवून बघता काय ओ? ब्रेकचं तुमच्या पायाला बरोबर कळतंय."

"तू बघितलीयस न्हवं?" तो कुलूप लावत म्हणाला. "मग झालं."

तिनं त्याच्याकडं एकदा बघितलं आणि टॅक्सीची किल्ली काढून हातात घेतली. हंबीरराव येऊन गाडी घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी विजयसिंह लवकरच आला. आज आपल्याला पासिंगला चक्कर मारावी लागणार असा चेहरा करून तो बसला होता. चहा आला तेव्हा प्रियदर्शनी फोनवर बोलून परतली. म्हणाली, हंबीररावांनी पासिंग उद्यावर ढकललं. पेठ वडगावचं एक कुटुंब रत्नागिरीला चाललंय, लांबचं भाडं मिळालं म्हणून ते रात्रीच ठरवून मोकळे झाले आणि आता वाटेवर आहेत. काल दिवसभर गाडी गॅरेजात राहिल्यानं चार्जिंग करायचं राहून गेलं होतं. आंबा गावात, घाटाच्या तोंडाशी, हॉटेलात चार्जर आहे, तिथं जेवण होईतोवर फुल्ल करून घाट उतरणार आहेत.

"मी त्यांना म्हटलं, फुल्ल नका करू," ती बिस्कीट बुडवत म्हणाली. "बॅटरी भरलेली असली की मोटार गाडीला ओढून धरत न्हाय. उतरणीला सगळा भार ब्रेकवरच येतोय. ऐकत्यात कुठं, रत्नागिरीत चार्जरला रांग असते म्हणाले."

विजयसिंहानं कप खाली ठेवला. हे त्याला माहीत नव्हतं. त्याला रूळ आणि मशीन एवढंच दिसलं होतं. आता त्याला आंबा घाट दिसला. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी, समोरनं येणारे ट्रक, वळणावर हंबीररावांचा पाय ब्रेकवर आणि उजवीकडं ओढली जाणारी गाडी.

त्यानं फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. बांबवड्याच्या पुढं रेंज अशीच येऊन-जाऊन असते, हे त्याला ठाऊक होतं.

"काय झालं?" प्रियदर्शनीनं विचारलं.

"पुढचा डावा ब्रेक धरत न्हाय," तो म्हणाला. "पिना बसल्यात."

"कुणी सांगितलं?"

"मला कळलं. काल, धुवायला नेताना."

बिस्किटाचा भिजलेला तुकडा चहात पडला, तो तिनं बघितलासुद्धा नाही. उठली, जॅक आणि हत्यारांची पेटी उचलली आणि गॅरेजच्या जीपमध्ये जाऊन बसली. विजयसिंह पळतच मागं गेला.

वाटेत ती सारखा फोन लावत होती. पन्हाळ्याचा फाटा गेला, बांबवडे गेलं. मलकापुरात एका ट्रॅक्टरमागं अडकले तेव्हा विजयसिंहानं हॉर्नवरचा हात काढला नाही. आयुष्यात त्यानं पुष्कळ गाड्या नीट करून रस्त्यावर सोडल्या होत्या. बिघडलेली आहे हे ठाऊक असताना सोडलेली ही पहिलीच. आणि का सोडली, तर लोक आत डोकावून बायकोचं नाव घेतात म्हणून. जीप चढावर धापा टाकत होती आणि हे कारण त्याला सांगायलासुद्धा पुरेसं वाटेना.

आंबा गावात पोचले तेव्हा हिरव्या पाटीची गाडी हॉटेलच्या आवारातनं रस्त्याकडं निघालीच होती. मागच्या सीटवर एक म्हातारी, एक बाई आणि तिच्या मांडीवर लहान पोर दिसत होतं. विजयसिंहानं जीप लावायच्या आत प्रियदर्शनी उतरली आणि सरळ गाडीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. हंबीररावांनी गाडी थांबवली. वेग नव्हताच, म्हणून ती सहज थांबली.

गाडी आवाराच्या कडेला सपाटीवर घेतली. म्हातारीचं नाव झुंबरबाई. तिला आणि पोर घेतलेल्या बाईला उतरवून सावलीत बसवलं. विजयसिंहानं चाक काढलं, जबडा सोडवला. एक पिन निघाली, दुसरी निघेना. त्यानं तेल सोडलं, ठोकलं, पुन्हा तेल सोडलं. प्रियदर्शनी समोर बसून हातात एकेक हत्यार देत होती. काय लागणार हे तिला मागायच्या आधी कळत होतं. त्याच्याकडं मात्र ती बघत नव्हती. अखेर पिन सुटली. त्यानं दोन्ही पिना घासून, ग्रीस लावून बसवल्या, मग उजव्या बाजूच्याही काढून बघितल्या. आवारातच दोन-तीनदा गाडी पळवून कचकन थांबवली. स्टिअरिंग सरळ राहिलं.

हंबीररावांचा चेहरा उतरला होता. "वहिनी, हे कसं काय कळलं तुमास्नी?"

प्रियदर्शनी हात पुसत होती. "मला न्हाय कळलं," ती म्हणाली. "माझ्याकडनं राहिलं. यांनी धरलं."

हंबीररावांनी विजयसिंहाचे तेलकट हात आपल्या दोन्ही हातांत घेतले. शेवटी जुना हात तो जुना हात, असं काहीतरी ते म्हणत होते. विजूदादा, तुमच्यामुळं आज चार जिवांचं भलं झालं, असं म्हणत होते. झुंबरबाईंनीही सावलीतनं हात जोडले. वर्षभर विजयसिंहाला हेच ऐकायचं होतं. बायकोसमोर, असंच. आता ते कानावर पडत होतं आणि त्याला तिथनं निघून जावंसं वाटत होतं. प्रियदर्शनी पेटीत हत्यारं भरत होती. ती काही बोलणार नव्हती. गप्प बसलं असतं तर ते कौतुक त्याचंच राहिलं असतं.

"मला कालच कळलंतं," तो म्हणाला. "बोललो न्हाय."

हंबीररावांनी हात सोडले. "का?"

"तुम्ही सगळे हिला विचारत येताय म्हणून."

हंबीररावांनी मांडीवर पोर घेतलेल्या बाईकडं बघितलं, मग परत त्याच्याकडं. "विजूदादा," ते हळू आवाजात म्हणाले, "तुमचं घरातलं तुम्ही घरात बघायचं. त्यात माझी गाडी कशापायी घातली?"

हंबीररावांनी सगळ्यांना गाडीत बसवलं, प्रियदर्शनीला मान हलवून निरोप दिला आणि घाट उतरायला लागले. दोघं कडेला उभे राहून पहिल्या वळणापर्यंत बघत राहिले.

परतीला निम्मा रस्ता झाल्यावर प्रियदर्शनी बोलली. "चूक माझी होती. पॅड जाड बघून मी पुढं गेले. तोंडावर हसला असता तरी चाललं असतं मला." मग म्हणाली, "मी काल विचारलं होतं तुम्हाला. फिरवून बघा म्हणून. ते काय मान राखायला न्हवतं विचारलं. मला येत न्हाय ते, म्हणून विचारलं."

त्यानं मान हलवली. मग करंटचं सांगितलं. उसातली ती मोटार, बांधावर पडणं, पाठदुखीचं निमित्त. सांगताना नजर रस्त्यावरच ठेवली. ती ऐकत होती की नाही हे त्याला कळलं नाही. "मग तेव्हाच सांगायचं होतं," एवढंच ती म्हणाली.

हंबीररावांची गाडी पास झाली. त्यांनी ती स्वतः नेली आणि कळवलं फक्त प्रियदर्शनीला. उद्यमनगरात ही गोष्ट पसरली का, हे विजयसिंहानं कुणाला विचारलं नाही. घरात बरेच दिवस कामापुरतंच बोलणं होतं. ताट वाढलं जायचं, चटणी पुढं सरकवली जायची, पण गप्पा नव्हत्या. गॅरेजात मात्र त्यानं न बोलता एक पद्धत पाडली. तिची तपासणी झाली की तो किल्ली मागून घ्यायचा आणि गाडी बाहेर फिरवून आणायचा. पहिले काही दिवस ती नुसतीच किल्ली पुढं धरायची. मग एके दिवशी गाडीचं दार उघडून तीही शेजारी बसली.

ती एका डॉक्टरबाईंच्या दवाखान्याची इलेक्ट्रिक व्हॅन होती. उद्यमनगरच्या मागच्या रस्त्यावर त्यानं ती हळू नेली, जोरात नेली, थांबवली. ब्रेक सरळ होता. तरीपण खालनं कुठनं तरी बारीक किरकिर येत होती. इंजिनाचा आवाज नसल्यानं ती ऐकू येत होती, पण नेमकी कुठनं ते कळायला त्याला दोन वळणं लागली.

"मागच्या उजव्या चाकाचं बेअरिंग," तो म्हणाला. "ऐकलंस?"

"गॅरेजातनं निघतानाच," ती म्हणाली.

तीच जुनी असूया पुन्हा जागी झाली. इतक्यात जाणार नव्हती ती, त्याला माहीत होतं. त्यानं गाडी कडेला घेतली.

"मला आत्ता ऐकू आलं," तो म्हणाला. "आधी न्हवतं आलं. कसं ऐकायचं ते सांग."

तिनं काच खाली केली आणि त्याला गाडी पुन्हा सावकाश चालवायला सांगितली.