मधला फोन

नीराबाईंनी फोन पोफळीच्या खोडाला टेकवून उभा केला, थोड्या मागे सरल्या आणि लगेच पुन्हा उचलून पाहिला. लेकीचा, हेमालीचा निरोप नव्हता. तिला आज सकाळी अलिबागला दवाखान्यात नेणार, एवढं काल कळलं होतं. पहिलं बाळंतपण, त्यात बाळ आडवं. दुपार कलली तरी फोन मुका तो मुकाच.

टॉवरची रेंज टेकाडावर क्रांतीच्या घरापर्यंतच यायची. कॉलेजात शिकवणाऱ्या क्रांतीने सगळ्यांच्या फोनांत काहीतरी घालून दिलं होतं. तिच्या फोनवरचा निरोप खाली मधल्या वाडीतल्या सदाच्या फोनवर उतरायचा, तिथून नीराबाईंच्या. कसा, ते त्यांच्या डोक्यावरून गेलं होतं. कधी निरोप यायचा, कधी नाही, आणि का ते देव जाणे.

शेवटी त्या पाटाच्या कडेने क्रांतीकडे निघाल्या. वाटेत सदाचं खळं. गेल्या उन्हाळ्यात आपला पाणी घ्यायचा वार नसताना त्याने पाटाचं पाणी स्वतःच्या वाडीत वळवलं होतं, आणि नीराबाईंनी त्याला चारचौघांत चोर म्हटलं होतं. तेव्हापासून बोलणं बंद. आज मात्र पाय थांबले.

"भावजी, तुमचा फोन चालू हाय ना?"

सदा सुपारी सोलत होता. त्याने मान वर केली नाही.

"बंद हाय."

"बंद? तो का?"

"काल माझा वार होता, आज तुमचा. तुमच्या वाराला मी पाटाला हात लावत नाय, वैनी, आन् फोनलाबी नाय. उगाच तुमची रेंज माझ्याकडं वळली म्हणजे पुन्हा तमाशा."

नीराबाई गोंधळल्या. चूक म्हणावं तर बोलणं सरळ वाटत होतं, बरोबर म्हणावं तर लेक तिकडे अडली होती. त्यांनी हेमालीचे आधीचे निरोप आठवून पाहिले. सगळे सदाच्या वाराला आलेले. आपल्याच त्या एका शब्दापायी हे झालं, हे कळून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चालू करा, भावजी. तुमच्या दारातनं गेल्याबिगर निरोप माझ्याकडं येतच नाय."

"नक्की?"

"मला काय कळतंय त्यातलं? पण करा."

सदाने फोन चालू केला आणि दुसरीकडे तोंड करून, हात लांब धरून बसला. दुसऱ्याचा निरोप दिसायला नको. थोड्या वेळाने नीराबाईंच्या हातातला फोन थरथरला, पुन्हा थरथरला. त्यांचे डोळे भरून आले, अक्षरं दिसेनात. त्यांनी फोन त्याच्यापुढे धरला.

"तुम्हीच वाचा."

सदाने हात पंचाला पुसले.

"ऑपरेशन करायचं म्हणतात. आई, काहीतरी बोल ना." त्याने पुढचा निरोप उघडला. मग भरभर म्हणाला, "मुलगी झाली! दोघी बऱ्या हायत."

नीराबाई खळ्यातच खाली बसल्या.

"अजून एक हाय," सदा म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. "आई, एवढी गप्प का? रागावलीस का माझ्यावर?"

पाटाचं पाणी खळ्याला वळसा घालून नीराबाईंच्या वाडीकडे चाललं होतं.

"लिहा," त्या म्हणाल्या. "म्हणावं, नाय रागावले."

सदा एकेक अक्षर शोधत बराच वेळ लिहीत राहिला.