अण्णाचं सोंग

बोगादीच्या वळणावर स्कूटरवरून पडून गुंडेरावाच्या डोक्याला मार लागला. सहा महिने तो घरी बसून होता, आणि धाकट्या दामोदरच्या पोटात दुखत होतं. दुखणारच! वीस वर्षं हा घरच्या शिंपीकामाच्या दुकानात शिलाईच्या मशीनवर पाय मारतोय आणि कापणीचं टेबल मात्र थोरल्याचं. आता थोरला घरी बसला, तरी आई अंबूताईंचं एकच, "अण्णा बरा होईस्तोवर त्याच्या कात्रीला हात लावू नकोस." कापायला बाहेरचा पगारी माणूस आणला, पण पोटच्या दामूला टेबल नाही! वर पहिली गरम चपाती अण्णाला, तूप अण्णाला.

"सोंग आहे सगळं," दामोदर धुसफुसायचा. त्याच्याकडे पुरावाही होता. सकाळी काय खाल्लं ते अण्णाला आठवत नसे. पण विजयनगरहून कपडे शिवायला येणाऱ्या लक्ष्मीदेवींचं माप विचारा, छाती, खांदा, बाही, दहा वर्षांपूर्वीचं धडाधड सांगायचा. कापड पुढ्यात टाकलं की मात्र खडूची एक रेघ मारून गप्प. अय्यो, एवढी मापं ध्यानात ठेवणारा माणूस आजारी असतो होय?

तपासणीला दामोदर मुद्दाम बरोबर गेला. डॉक्टरीणबाईंनी एका तळहातावर नाणं दाखवून दोन्ही मुठी मिटल्या, गुंडेरावाला डोळे मिटून दहापासून उलटे आकडे मोजायला लावले, मग विचारलं, नाणं कुठल्या हातात? असं दहा वेळा. दहाही वेळा बरोबर.

"बघा!" दामोदर उसळला. "सापडला! सोंग करतोय हा!"

"उलट आहे," बाई म्हणाल्या. "सोंग करणारा इथे मुद्दाम चुकतो. जबर मार लागलेल्यांनाही हे बहुधा जमतं, हे त्याला ठाऊक नसतं. बाकीच्या तपासण्याही हेच सांगतात. हे जीव तोडून प्रयत्न करतायत. जुनी मापं पक्की राहिलीत. नवं फार वेळ टिकत नाही, आणि आधी काय, मग काय, हे जुळवणं जमत नाही. कापणी आता कठीणच."

म्हणजे टेबल आपलं. आनंद व्हायला हवा होता. पण अण्णा सोंग करत असता तर बरं झालं असतं, असं दामोदरला पहिल्यांदाच वाटलं.

बाहेर बाकावर गुंडेरावानं त्याचा हात धरला.

"दामू, मी सोंगच करत असेन, तर ते थांबवायचं कसं, तेवढं सांग रे."