सरकणारा लाल

गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत सम्राटदादांचा छपाईचा कारखाना होता. गुळाच्या पावडरीची, चटणीची, चिवड्याची पाकिटं ज्या प्लास्टिकच्या फिल्मची होतात, ती तिथं छापली जायची. नवं मशीन आल्यापासून काम झकास चाललं होतं, पण अलीकडं लाल रंगानं छळ मांडला होता. सगळं सुरळीत चालू असताना मधेच लाल केसभर सरके आणि अक्षरांच्या मागं दुसरी सावली उमटे. थोड्या वेळानं आपोआप जागेवरही येई.

दादांनी मोटर बदलून पाहिली, रोलर बदलला. शेवटी मंगळवार पेठेतल्या रुबीनाला बोलावलं. मशीनच्या आतल्या नेटवर्कमधले बिघाड शोधणं हे तिचं काम.

"कधी होतंय असं?" तिनं मशीनवरच्या मौलाचाचांना विचारलं.

"त्येच तर कळंना. कधी सकाळी हुतंय, कधी दुपारी. कधी दोन-दोन दिवस न्हाय बी हुत," चाचा म्हणाले. "पर हुतंय तवा चांगल्या गिऱ्हाइकाचंच काम बिघडतंय बघ."

ते शेवटचं वाक्य रुबीनाच्या डोक्यात बसलं. चांगलं गिऱ्हाईक कुठलं, हे मशीनला कसं कळणार? पण चाचा उगाच बोलणारा माणूस वाटत नव्हता.

तिनं पॅनेलचं दार उघडून लॅपटॉप जोडला. चार रंगांचे चार रोलर, प्रत्येकाला आपली मोटर. जुन्या मशीनमध्ये एकच लांब दांडा सगळ्यांना फिरवायचा. इथं दांड्याचं काम एक तार करत होती. त्या तारेवरून कंट्रोलर क्षणोक्षणी प्रत्येक मोटरला सांगत होता, आत्ता तू इथं असायला हवीस. असा निरोप नुसता पोचून भागत नाही, ठरल्या क्षणी पोचावा लागतो. पडद्यावर निरोपांची रेघ पट्टीनं ओढल्यासारखी सरळ होती. रुबीना बघत बसली. चहा आला, कप रिकामा झाला, रेघ काही हलेना.

मग दादांचा फोन वाजला. पलीकडं त्यांची बायको संयोगिता होती. शाहूपुरीतलं ऑफिस ती सांभाळायची. दादांनी हो-हो म्हणून फोन ठेवला, वर बघितलं आणि शर्टाची कॉलर नीट केली.

पडद्यावरची रेघ विस्कटली. निरोप उशिरा येऊ लागले, एकमेकांवर आदळल्यासारखे.

"सरकला," मशीनकडून चाचा म्हणाले.

रुबीनानं आधी पडद्याकडं आणि मग दादांकडं बघितलं. "दादा, वर काय बघताय?"

"कॅमेरा हाय की. नेसरीचे पृथ्वीराज आलेत ऑफिसात. त्यांच्याच गुळाची पाकिटं लागल्यात मशीनवर, म्हणून संयोगिता दाखवतीया त्यास्नी. मोठं गिऱ्हाईक आलं की दाखवतीच ती."

"वहिनींना म्हणावं, जरा बंद करा."

कॅमेरा बंद झाला. रेघ सरळ झाली, लाल जागेवर आला.

"आता परत लावायला सांगा."

लाल सरकला. तिसऱ्यांदा तसंच झालं, तेव्हा चाचा मशीन थांबवून लॅपटॉपपाशी येऊन उभे राहिले.

छतावरून आलेली कॅमेऱ्याची तार भिंतीवरून खाली उतरून थेट मशीनच्या पॅनेलमध्ये शिरली होती. बसवणाऱ्यानं जवळची रिकामी जागा बघून तिथंच खोचली असणार. कुणी बघत नसलं की कॅमेरा गप्प असायचा. कुणी बघायला लागलं की त्याच तारेवरून चित्रांचा लोंढा सुटायचा आणि मोटरींचे इवलेसे निरोप त्यात अडकून पडायचे. रुबीनानं कॅमेऱ्याला वेगळी तार ओढायला लावली.

ते काम चालू असतानाच संयोगिता पृथ्वीराजांना घेऊन कारखान्यात आली. पृथ्वीराज वैतागलेले होते. मागच्या खेपेलाही त्यांच्या निम्म्या पाकिटांवर सावली आली होती, आणि आज काम काढून घेण्याच्या तयारीनंच ते आले होते.

रुबीनानं झालं ते सांगितलं. संयोगिता ऐकत राहिली.

"म्हणजे मी कौतुकानं दाखवायला जायची आणि त्यानंच काम बिघडायचं?"

"व्हय वहिनी," रुबीना संकोचून म्हणाली.

कुणाकुणाला दाखवलं ते संयोगिताला आठवत असावं. तिचा चेहरा उतरला. पण तेवढ्यात लॅपटॉपवरच्या रेघेकडं तिचं लक्ष गेलं आणि ती वाकून बघायला लागली.

"एवढ्याशा उशिरानं मोटरीचं काय अडतंय? मागनं गाठ की म्हणावं."

"लेझीम खेळलाय न्हवं शाळेत? हलगीचा ठोका एकीलाच उशिरा ऐकू आला तर?"

"तिचं पाऊल चुकतंय."

"मागनं पळून गाठंल ती, पण तोवर रांग मोडलेली असती. लाल गाठतोय, पण तोवर फिल्म पुढं गेलेली असती."

चाचांनी मशीन चालू केलं. संयोगितानं मोबाईलवर कॅमेरा लावला, मुद्दाम. पृथ्वीराजांनी फिल्मचा तुकडा कापून घेतला, उजेडात धरला, चष्मा वर करून पुन्हा बघितला. अक्षरं एकेरी होती.

"असंच येणार असलं तर ऱ्हाऊ दे काम हितंच," ते दादांना म्हणाले. "पर मागची पाकिटं परत छापून द्यायची."

दादांनी मान डोलावली आणि दोघं बोलत बाहेर गेले.

रुबीनाचं काम झालं होतं. तिनं बॅग उघडली, वायरी गुंडाळायला घेतल्या आणि थबकली. सरळ रेघेवर मधेच एक बारीकशी उसळी आली होती. छपाईला तिचा काही त्रास नव्हता, चाचांना तर ती जाणवलीही नसती. पण कॅमेरा आता या तारेवर नव्हता. मग ही कुठून आली?

"काय वो ते?" संयोगितानं विचारलं.

"म्हाईत न्हाय," रुबीना म्हणाली. "पण बघायला पायजे."

संयोगितानं कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि तिच्या शेजारी बसली.